मदत हवी आहे: बार्शी लाइटच्या लघुप्रतिकृतीवर सोलापूरकडची धूळ आणि ऊन कसे दाखवावे?

सप्रेम नमस्कार,

घरातील भिंतीलगतच्या एका फळीवर, साधारण आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद जागेत, बार्शी लाइट रेल्वेच्या एका काल्पनिक स्थानकाचा लेआऊट मी उभारत आहे. रूळ अंथरून झाले आहेत, गाडी न अडखळता धावते आणि स्थानकाची इमारत व पाण्याची टाकी अर्ध्यावर आली आहे. अडले आहे ते पुढच्या कामापाशी, म्हणजे इंजिन, डबे, वाघिणी (मालडबे) आणि भोवतालची जमीन वापरलेली, उन्हातान्हात उभी राहिलेली दिसावी यासाठी जे वेदरिंग करावे लागते त्यापाशी. या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन ब्रिटन आणि अमेरिकेतील छांदिष्टांनी लिहिलेले आहे. ते उत्तमच आहे, पण त्यात ओल, शेवाळ आणि जाड गंज यांचा भरणा असतो. कमी पावसाच्या सोलापूर, बार्शी, पंढरपूर पट्ट्यात गाडी अशी दिसत नसणार.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने आखलेली ही अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली, आणि तिची एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, या कॅल्थ्रॉपच्या आग्रहामुळे हलक्या रुळांवरही तिची इंजिने आणि डबे चालू शकत. १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली. मी त्यानंतरची काही वर्षे निवडली आहेत, कारण त्या काळात वाफेची इंजिने भरात होती आणि कंपनीच्या जमान्यातील डबेही रुळांवर होते. आता हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे, त्यामुळे जाऊन पाहून यावे अशी सोय उरलेली नाही.

प्रमाण १:८७ ठेवले आहे. या रेल्वेचे माप, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ७६२ मिलिमीटर होते आणि त्याला ८७ ने भागले की ८.७६ येतात, म्हणून बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ तंतोतंत बसतात. गंमत अशी की, कुर्डुवाडीचे जंक्शन करायला घेतले असते तर शेजारच्या ब्रॉडगेजनेच घोटाळा केला असता, कारण १६७६ मिलिमीटरला या प्रमाणात १९.२६ मिलिमीटर रुंदी लागते आणि तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे. म्हणूनच मी जंक्शन टाळून मधले स्थानक घेतले. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड ही कॅल्थ्रॉपचीच, त्याच मापाची रेल्वे असल्याने तिच्या डब्यांचे संच वापरण्याचाही विचार केला होता, पण तिकडचे संच १:७६ प्रमाणाचे असतात. शेवटी डबे प्लॅस्टिक शीट कापूनच केले, आणि त्यांवर ॲक्रिलिक रंग दिले आहेत.

आता नेमक्या अडचणी. पहिली वॉर्निशची. मी ठाणे जिल्ह्यात राहतो. चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या एका वाघिणीवर डब्यातील मॅट वॉर्निशचा फवारा भर पावसाळ्यात मारला, तेव्हा वाळताना तिच्यावर दुधाळ पांढरी झाक चढली. त्याच वाघिणीवर आधी पेस्टल खडूची पूड ब्रशने लावून छान धुळकट छटा आणली होती, ती वॉर्निशखाली दिसेनाशी झाली. फवारा मारला नाही तर पूड हाताला लागते, आणि मारला तर ती नाहीशी होते. यातून मार्ग कोणता?

दुसरी अडचण इंजिनाची. जुन्या छायाचित्रांत बॉयलरच्या बाजूने, सुरक्षा झडपेखाली आणि पाण्याच्या टाक्यांच्या कडांवर पांढरट ओघळ दिसतात. पाणी जड असले की त्यातील क्षार असे वाळून बसतात, हे कारण समजते, पण १:८७ मध्ये ते काढू गेले की कुणी चुना सांडल्यासारखे दिसते. शिवाय छायाचित्रे कृष्णधवल असल्यामुळे त्या ओघळांचा रंग पिवळट होता की राखाडी, याचा अंदाज येत नाही.

तिसरी अडचण जमिनीची, आणि मला ती सर्वांत जास्त छळते आहे. आजोळ त्या भागातले असल्याने तिथल्या शेतातली काळी माती आणून चाळली आणि एका फळकुटावर पातळ फेव्हिकॉलने बसवून पाहिली. ती वाळल्यावर कोळशासारखी काळी दिसली आणि तिला तडे गेले. खऱ्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात हे ठीक, पण या प्रमाणात त्या भेगांमध्ये माझा स्टेशनमास्तर कमरेपर्यंत जाईल. खरी मातीच वापरावी असा माझा हट्ट आहे. तो सोडावा का, हेही सांगावे.

ज्यांनी या गाडीने प्रवास केला आहे त्यांनी डब्यांच्या अवस्थेबद्दल जे आठवेल ते लिहावे, ही विशेष विनंती. रंगाची नेमकी छटा नसली तरी चालेल. डबा कुठे मळलेला, कुठे झिजलेला आणि कुठे चकचकीत असे, एवढे कळले तरी माझे काम होईल.

प्रतिसाद १

मी रेल्वेची नव्हे, रणगाड्यांची मॉडेल्स करतो, पण वॉर्निशचे दुखणे सामाईक आहे. फवाऱ्यातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवा दमट असेल तर तिच्यातील बाष्प त्या थंड थरावर जमून अडकते. तीच ती दुधाळ झाक. यावर सोपा उपाय म्हणजे वॉर्निशचे काम पावसाळ्यात करायचेच नाही. करावेच लागले तर दुपारच्या कोरड्या वेळी, वॉर्निशचा डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून नंतर भरपूर हलवावा आणि एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर द्यावेत. झाक आलेली वाघीण टाकून देऊ नये. कोरड्या दिवशी तिच्यावर चकचकीत वॉर्निशचा एक पातळ थर दिला तर बहुतेक वेळा खालचा रंग पुन्हा स्वच्छ दिसू लागतो, आणि मग मॅट थर नव्याने देता येतो. एअरब्रश (रंग फवारण्याचे पेनासारखे साधन) असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉर्निश घ्यावे. मात्र बाटलीच्या तळाशी बसलेली मॅट करणारी पूड नीट ढवळली नाही तर त्यानेही पांढरे डाग पडतात.

पूड नाहीशी होते, कारण वॉर्निश तिच्या कणांना भिजवून पारदर्शक करते. म्हणून क्रम उलटा करावा. आधी मॅट वॉर्निश, कारण खरखरीत पृष्ठभागावर पूड चांगली धरते, त्यानंतर पूड, आणि ती पक्की करायची असेल तर ब्रशच्या टोकाने थिनरचा एखादा थेंब कडेला सोडून तो आपोआप पसरू द्यावा. ती वॉर्निशइतकी घट्ट बसत नाही, म्हणून इंजिन जिथे हातात धरले जाते तेवढ्या भागावर पुडीऐवजी रंगाचाच धुळकट हलका फवारा द्यावा. आपण वाघीण दिवसातून दहा वेळा उचलत नसाल तर बाकीची पूड उघडी राहिली तरी बिघडत नाही.

ओघळांसाठी ऑईल कलर वापरावा. निव्वळ पांढरा न घेता त्यात थोडा राखाडी आणि अगदी कणभर पिवळी माती मिसळावी, पुठ्ठ्यावर काढून त्यातील तेल शोषू द्यावे, झडपेपाशी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवावा आणि थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने तो सरळ खाली ओढावा. आवडले नाही तर पुसून टाकता येते, ही ऑईल कलरची मोठी सोय. दोन ओघळ सारख्या लांबीचे ठेवू नयेत.

प्रतिसाद २

हट्ट अर्धा सोडावा. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलने तिला तडे जाणारच. पायाला भिंतीची पुट्टी किंवा बारीक वाळू वापरून ती तपकिरी राखाडी रंगवावी आणि खरी माती कापडातून गाळून केवळ शेवटचा पातळ थर म्हणून भुरभुरावी. लहान आकारात रंग नेहमी गडद भासतो, म्हणून खाली दिलेला रंग खऱ्या मातीपेक्षा दोन छटा फिका ठेवावा.

त्याहून महत्त्वाची सूचना अशी की, दख्खनची माती बेसाल्ट खडकापासून झालेली असल्याने तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. ते रुळांवर आले की इंजिनाच्या मोटरमधील चुंबक त्यांना ओढून घेतो आणि मोटर निकामी होऊ शकते. चाळलेल्या मातीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक पुनःपुन्हा फिरवावा, पिशवीला काही चिकटेनासे होईपर्यंत. मुरूम वापरणार असाल तर त्यालाही हाच नियम लावावा.

रुळांबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो. ९ मिलिमीटरचे बरेच तयार रूळ दोन मिलिमीटर उंचीचे असतात, म्हणजे ८७ पटीने मोठे केले तर आजच्या मुख्य मार्गावरील, मीटरला ६० किलो वजनाच्या रुळापेक्षाही किंचित उंच. बार्शी लाइटच्या हलक्या रुळाची उंची या प्रमाणात जेमतेम एक मिलिमीटर भरेल. रुळांच्या बाजू मातकट तपकिरी रंगवून मुरूम स्लीपर झाकले जातील इतका वर आणला की हा दोष डोळ्यांत भरत नाही. रंगकाम झाल्यावर रुळांचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, त्यातील ग्लिसरीनचा थर मागे राहतो आणि चाकांना वीज मिळण्यात अडथळा येतो.

प्रतिसाद ३

कुर्डुवाडीहून पंढरपूरला लहानपणी या गाडीने जात असे, अर्थात आपण निवडलेल्या काळानंतर. आठवते ते असे. डब्यांचा खालचा भाग, पायदानापासून खिडकीच्या खालपर्यंत, मातीच्या रंगाचा झालेला असे आणि वर जाताना तो रंग विरळ होत जाई. पण दारांच्या दांड्या आणि पायदानांच्या कडा मात्र माणसांच्या हातापायांनी घासून उघड्या लोखंडासारख्या चमकत. खिडक्यांच्या चौकटींवर कोपरे टेकून टेकून रंग गेलेला असे. आषाढी-कार्तिकीला टपावरही माणसे बसत, त्यामुळे टप सगळीकडे सारखा मळलेला नसे. कडेला, जिथून माणसे चढत, तिथे रंग खरवडलेला दिसे. गंज मला फारसा आठवत नाही. रंग उन्हाने उडून खडूसारखा भुरका झालेला आठवतो, आणि तोही उन्हाच्या बाजूला जास्त.

पंढरपूरच्या बाजूला रान काळे, बार्शीच्या बाजूला चढावर मुरमाड. आपले काल्पनिक स्थानक नेमके कुठे आहे ते आधी ठरवावे. डब्यांवरची धूळ त्यावरून ठरेल.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्थानक बार्शीच्या अलीकडे, मुरमाड भागात न्यायचे ठरवले आहे, त्यामुळे काळ्या मातीची गरज मागच्या शेताच्या एका पट्टीपुरती उरते. चुंबक फिरवून पाहिला. पिशवीला काळी बुकटी खरोखरच भरपूर चिकटली. वॉर्निश ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत लांबणीवर टाकतो आणि तोवर दांड्या व पायदाने पेन्सिलीच्या शिशाने घासून चमकवतो.

प्रतिसाद १ च्या लेखकांना एकच उपप्रश्न आहे. ओघळांचा ऑईल कलर मॅट वॉर्निशवर ओढला तर तो खरखरीत पृष्ठभागात मुरून डाग पडतो, असे आज एका तुकड्यावर दिसले. तेव्हा आधी चकचकीत थर, त्यावर ओघळ, मग मॅट थर आणि सर्वांत शेवटी पूड, असा क्रम ठेवला तर चालेल का? आणि ऑईल कलरवर मॅट थर देण्यापूर्वी तो आपल्याकडच्या दमट हवेत किती दिवस वाळू द्यावा?