दरवर्षी फुलतं पण फळ एकही नाही, हे जांभूळच आहे का?

जावळीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव जावळी तालुक्यात, महाबळेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याला. घरामागच्या बांधावर एक मोठं झाड आहे, आजोबांच्या आधीपासूनचं, बारा महिने हिरवंगार, खाली कायम गार सावली. घरात सगळे त्याला जांभूळ म्हणतात आणि लांबून बघितलं तर वाटतंही तसंच. पण आजीपासून कोणालाच आठवत नाही की त्याला कधी फळ धरलं. फुलं मात्र दरवर्षी येतात, बारीक, पांढरट पिवळसर, घोसच्या घोस, आत्ता जानेवारीत झाड नुसतं भरून गेलंय. चुलते म्हणतात वांझ झाड आहे, काढून टाकू आणि तिथे आंब्याचं कलम लावू. मला जीवावर येतंय, लहानपण त्याच्याखाली गेलंय. फळ का धरत नसेल? काही खत वगैरे घालून उपयोग होईल का? पान आणि फुलाचा फोटो टाकलाय.

रानवाटा:
दादा आधी खत राहू द्या, मला ते जांभूळ आहे याचीच शंका येतेय. जांभळाला फुलोरा उन्हाळ्याच्या तोंडाला येतो आणि फळ मे जूनमध्ये, जानेवारीत भरून फुललेलं जांभूळ मी तरी बघितलं नाही. एक काम करा, एक पान तोडून त्याची कड बोटाने चाचपून बघा, करवतीसारखे दाते लागतात का? आणि पान चुरगळून वास घ्या.

जावळीचा_पोरगा:
आत्ताच जाऊन आलो. वरच्या फांदीच्या पानाला फार काही कळत नाही पण बुंध्याला जे नवीन धुमारे फुटलेत ना त्यांच्या पानांना लांब लांब अंतरावर दाते आहेत, स्पष्ट लागतात हाताला. वास काहीच नाही, नुसता हिरवट. देठ जरा जांभळट आहे. पानं समोरासमोर जोडीने.

घाटमाथा:
मग ते पारजांभूळ आहे, पारजांब पण म्हणतात. शास्त्रीय नाव ओलिया डायॉइका. नावात जांभूळ असलं तरी जांभळाशी याचं काही नातं नाही. जांभळाच्या पानाची कड एकदम साफ असते, बारीक शिरा अगदी जवळजवळ असतात आणि कडेला लागून एक शीर सगळ्या पानाभर फिरते, उन्हाकडे धरलं की दिसते. शिवाय पानात तेलाच्या ग्रंथी असतात म्हणून चुरगळल्यावर वास येतो. तुमच्या पानात यातलं काहीच नाही.

आता फूल बघा, खरी खूण तिथे आहे. जांभळाच्या फुलात पुंकेसरांचा झुबका असतो, मोजता येत नाहीत इतके. पारजांभळाच्या फुलाला चार इवल्या पाकळ्या आणि पुंकेसर फक्त दोन. हे दोन पुंकेसर म्हणजे त्या सगळ्या कुळाची ओळख, पारिजातक घ्या, जाईजुई घ्या, आपल्याकडची रानातली कुसर घ्या, सगळ्यांना दोनच. ऑलिव्ह पण त्याच कुळातलं, म्हणून तर याला ओलिया नाव मिळालं. हल्ली काही अभ्यासक याला वेगळ्या प्रजातीत घालून टेट्रापिलस डायॉइकस म्हणतात, तेव्हा पुस्तकात ते नाव दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या डायॉइका शब्दातच आहे. त्याचा अर्थ दोन घरं. म्हणजे काही झाडांना फक्त नरफुलं येतात, आणि काहींच्या फुलात पुंकेसरही असतात आणि बीजकोषही असतो, फळ या दुसऱ्या झाडांनाच धरतं. तुमचं झाड बहुतेक नर आहे. दरवर्षी एवढं भरून फुलतं आणि फळ एकही नाही, यात रोग नाही की खताची कमतरता नाही. भिंग असेल तर फूल उघडून बघा, दोन पुंकेसरांच्या मधोमध हिरवट गोल काही आहे का ते. नसेल तर नर.

सदाफुली_२२:
ऑलिव्हचा भाऊबंद म्हणजे फळापासून तेल निघेल का हो? सहज विचारतेय.

घाटमाथा:
नाही ताई. फळ जेमतेम सेंटिमीटरभर, पिकल्यावर काळपट जांभळं, आत एकच कठीण बी आणि वर गर अगदी पातळ. बाजारातलं तेल येतं ते भूमध्य समुद्राकडच्या ऑलिव्हचं, आणि त्याला फुलायला थंडी लागते. आपल्या हिमालयात त्याचाच एक जंगली प्रकार होतो, तिकडे कहू म्हणतात. आपलं पारजांभूळ मात्र घाटातल्या दमट, भरपूर पावसाच्या रानातलं.

शेकरूप्रेमी:
उशिरा आलो पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. महाबळेश्वर आणि भीमाशंकरच्या रानात जांभूळ, अंजनी आणि पिसा यांच्या जोडीने जी झाडं दाट सावली धरतात त्यात पारजांभूळ आहेच आहे, पण त्याचं नाव कोणी घेत नाही कारण फूल लहान, फळ माणसाच्या उपयोगाचं नाही आणि लांबून जांभूळच वाटतं. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आणि शेकरू ज्या झाडांवर घरटी बांधतं त्यात हे एक आहे. शेकरूला जमिनीवर उतरायला आवडत नाही, फांदीवरून फांदीवर जायला एकमेकांना चिकटलेली झाडं लागतात, मधलं एक झाड गेलं तरी त्याचा रस्ता तुटतो. फळं पिकली की पक्षी येतात आणि तेच बी रानभर टाकत फिरतात.

आणि एक विनंती, त्याला वांझ म्हणू नका. आजूबाजूच्या रानात ज्या पारजांभळांना फळ धरतं त्यात या झाडाच्या परागाचा वाटा असू शकतो. नर झाड तोडलं तर फळ कमी होईल ते ओढ्याकाठच्या दुसऱ्याच झाडाचं, आणि ते का कमी झालं हे कोणाला कळणारही नाही.

रानवाटा:
+१. आणि चुलत्यांना हेही सांगा की महाबळेश्वर पाचगणी परिसर २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तुमचा गट त्यात येतो का ते तलाठ्याकडे किंवा वनखात्यात विचारून घ्या. हद्दीबाहेर असलं तरी मालकीचं झाड आहे म्हणून परस्पर कुऱ्हाड लावू नका, आधी परवानगी लागते का ते बघा. कलमाला ऊन पाहिजे, ते पडवीच्या पुढच्या बाजूला लावा ना.

जावळीचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुतणीच्या शाळेतलं भिंग घेऊन बसलो, दहाबारा फुलं उघडून बघितली, चार पाकळ्या, दोन पुंकेसर आणि मधे काही नाही. म्हणजे नरच. चुलत्यांना पण भिंगातून दाखवलं, ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले की ओढ्याच्या वरच्या अंगाला अगदी असंच एक झाड आहे आणि त्याला उन्हाळ्यात बारीक काळी फळं येतात, बुलबुल खातात, त्यांनी लहानपणी चावून बघितलं होतं आणि कडू लागलं म्हणून थुंकून टाकलं होतं. आज सकाळी दोघं जाऊन आलो. फुललंय तेही, फुलात मधे हिरवा ठिपका आहे. आपल्या झाडापासून सरळ रेषेत अर्धा किलोमीटर सुद्धा नसेल.

कलम पुढच्या अंगणात लावायचं ठरलंय. मे महिन्यात त्या वरच्या झाडाखाली बी गोळा करीन, रोपं करायचा कोणाला अनुभव असेल तर सांगा.

घाटमाथा:
वा! फोटो टाका दोन्ही फुलांचे शेजारी शेजारी. बी ताजंच घ्या, गर धुऊन काढा, वाळवत ठेवू नका, सावलीत पिशवीत लावा. कवच कठीण असतं त्यामुळे लवकर उगवलं नाही तर पिशवी ओतून देऊ नका. आणि एकदोन नाही, आठदहा रोपं करा, कारण नर कुठलं ते फुलल्याशिवाय कळत नाही.