मदत हवी आहे: दगड तळाला टेकलेला नाही, तरी बादलीखालचा काटा वाढतो?

दूधगंगाकाठ (निपाणी)
परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि पोरीचा प्रयोग अडकलाय. जाणकारांनी लवकर सांगा, वेळ नाही.

पोरगी नववीत, मराठी माध्यम. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणलाय, त्यावर पाण्याची बादली. वर हुकाचा काटा, त्याला दोरीने दगड टांगून पाण्यात सोडायचा. दगड हवेत ५६० ग्रॅम दाखवतो, पाण्यात ३६०. इथवर ठीक, आर्किमिडीज. पण खालचा काटा एका वेळी २०० ग्रॅमने वाढला आणि दुसऱ्या वेळी हललाच नाही. दगड तोच, दोरी तीच.

शाळेतले सर म्हणतात, दगडाचा भार वरच्या दोरीवर आहे, खाली काही वाढायलाच नको, वाढतंय म्हणजे काटा बिघडलाय. पोरगी ऐकत नाही. कोण बरोबर?

काटेदुरुस्ती_चिकोडी
आधी काटा सपाट जागेवर आहे का बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याचा एक पाय अधांतरी असला की आकडा भरवशाचा राहत नाही. बॅटरी उतरली तरी तेच. पंखा बंद करा. आणि बादली प्लेटच्या बाहेर येऊन कडेला टेकत नाही ना? माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्या याच असतात.

दूधगंगाकाठ (निपाणी)
काटा रोजच्या धंद्यातला आहे, शिक्का मारून घेतलेला. सकाळी त्यावरच गूळ तोलला. काटा ठीक आहे. प्रश्न काट्याचा नाही.

खानापूरच्या_बाई
दादा, २०० ग्रॅम वाढले तेव्हा दगड तळाला टेकला नव्हता ना? टेकला की दोरी ढिली पडते आणि खालच्या काट्यावर जास्त भार येतो. दोरी पूर्ण सोडली तर ५६० च्या ५६० वाढतील.

दूधगंगाकाठ (निपाणी)
बाई, टांगलेला लिहिलंय की. तळापासून चांगला चार बोटं वर होता.

टिळकवाडी_गणित
एक गोष्ट आत्ताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर परीक्षक तिथेच धरतील. ग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे, वजनाचं न्यूटन. तुमचे २०० ग्रॅम म्हणजे ०.२ किलो गुणिले ९.८, म्हणजे १.९६ न्यूटन. तक्त्यावर दोन्ही रकाने करा. चंद्रावर गुरुत्व साधारण एक षष्ठांश आहे, तिथे हाच दगड हुकाच्या काट्यावर सहापट हलका दिसेल, पण त्याचं वस्तुमान ५६० ग्रॅमच राहील.

गोकाक_धबधबा
गुरुत्वाचा विषय निघालाच आहे तर मुलीला आमच्या धबधब्याचं गणित द्या. उंची सुमारे ५२ मीटर. हवेचा अडथळा सोडला तर वरून सुटलेला थेंब ३.३ सेकंदांत खाली येतो, तळाशी वेग सेकंदाला ३२ मीटर. मॉडेलही देखणं होतं, मागे पुठ्ठ्याचा डोंगर, निळा कागद.

दूधगंगाकाठ (निपाणी)
धबधबा पुढच्या वर्षी. आता बादलीचं सांगा.

मलप्रभेचा_पोर
पोरगी बरोबर आहे. का वाढतं ते सांगतो.

विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असेतोवर हलकी लागते, पाण्याबाहेर आली की हात ओढला जातो. पाण्यात तिला खालून कोणीतरी उचलत होतं. कोण? पाणी. तुमच्या दगडालाही पाणी १.९६ न्यूटनने वर ढकलतंय, म्हणूनच वरचा काटा २०० ग्रॅम कमी दाखवतो. न्यूटनचा तिसरा नियम (१६८७ सालचा) सांगतो की पाणी दगडाला वर ढकलतं तेव्हा दगडही पाण्याला तेवढ्याच बळाने खाली ढकलतो. पाणी बादलीत, बादली काट्यावर. वरचे कमी झालेले २०० खालच्या काट्यावर आले. दोन्ही काट्यांची बेरीज दगड सोडण्याआधी आणि नंतर सारखीच येणार, करून बघा.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोरीवर भार आहेच, पण ३६० चा. उरलेला पाण्याने घेतला.

शहापूर_पेठ
तिसरा नियम सांगून पोरांना काही दिसत नाही ओ. दाबाने सांगा. दगड बुडाला की पाण्याची पातळी वर चढते. पातळी चढली की तळावरचा दाब वाढतो, काट्याला तो जाणवतो. संपलं. पट्टीने पातळी मोजता येते, हे डोळ्यांनी बघता येतं.

मलप्रभेचा_पोर
गणित करून बघितलंत काय? बादली वर रुंद, खाली अरुंद असते. २०० घन सेंटिमीटर पाणी वरच्या रुंद भागात चढलं तर पातळी थोडीच वाढणार, आणि तो वाढीव दाब खालच्या लहान तळाला गुणलात तर २०० ग्रॅम भरत नाहीत. कमी येतात. मग उरलेले कुठून आले?

शहापूर_पेठ
तिरक्या भिंतींवरून आले. भिंत बाहेर झुकलेली आहे, तिच्यावरचा पाण्याचा दाब थोडा खालच्या बाजूलाही लागतो. तळ आणि भिंत मिळून २०० भरतात. सरळ भिंतीचं भांडं, स्टीलचा डबा घेतला तर एकट्या तळावरच हिशेब जुळतो. दाबाचं उत्तर चुकीचं नाही.

मलप्रभेचा_पोर
चुकीचं म्हटलंच नाही. पण नववीच्या पोरीला परीक्षकासमोर भिंतीचा तिरकस दाब सांगायला लावू नका. दोन काट्यांची बेरीज दाखवणं सोपं आहे.

खानापूरच्या_बाई
तुम्हा दोघांचं चाललंय ते बरोबर आहे, पण दादांचा अर्धा प्रश्न तसाच राहिलाय. दुसऱ्या वेळी काटा हलला का नाही? दादा, दोन्ही वेळी बादलीत पाणी किती होतं?

दूधगंगाकाठ (निपाणी)
पहिल्यांदा अर्धी बादली. दुसऱ्यांदा पोरगी म्हणाली नीट दिसू दे, म्हणून काठोकाठ भरली. दगड सोडल्यावर थोडं पाणी ओट्यावर सांडलं, ते पुसून काढलं. त्याचा काय संबंध?

खानापूरच्या_बाई
सगळा संबंध तिथेच आहे! काठोकाठ बादलीतून दगडाने आपल्या आकारमानाएवढं, म्हणजे २०० घन सेंटिमीटर पाणी बाहेर ढकललं. त्याचं वजन २०० ग्रॅम, आणि ते काट्यावरून निघून गेलं. दगडाने पाण्याला खाली ढकलल्याचे २०० आले, सांडलेल्या पाण्याचे २०० गेले. काटा हलेल कसा? आर्किमिडीजचं तत्त्वच तुमच्या ओट्यावर सांडलं होतं: वस्तूवरचं प्लावक बल, म्हणजे पाणी तिला वर ढकलतं ते बळ, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढं असतं.

प्रदर्शनात हेच मांडा. काट्यावर आधी परात ठेवा, परातीत काठोकाठ भरलेलं पातेलं. दगड सोडला की पाणी परातीत सांडेल आणि काटा २०० ने वाढेल, कारण सांडलेलं पाणी अजून काट्यावरच आहे. मग परातीतलं पाणी मापाच्या नळकांड्यात ओता. २०० मिलिलिटर भरलं की आकडा मूळ जागी आलेला सगळ्यांना दिसेल. काट्यावर आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला, आत पाणी गेलं तर काटा जाईल.

काटेदुरुस्ती_चिकोडी
पिशवीचं बाईंनी लाखमोलाचं सांगितलं.

कोल्हापूर_पेठ
आमच्याकडे प्लावक बल आठवीतच येतं, बल व दाब या धड्यात. तिकडे नववीत गुरुत्वाकर्षणाला जोडून येतं ते बरं वाटतं, वजन आणि प्लावक बल एकत्र शिकायला मिळतं. एक विचारायचं होतं, बेळगावात खडेबाजारात महाराष्ट्र बोर्डाची जुनी पुस्तकं मिळतात का? भाच्याला हवी आहेत.

टिळकवाडी_गणित
पुस्तकांसाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

दादा, एक जास्तीचं दाखवता येईल. ५६० भागिले २००, म्हणजे २.८. दगडाची घनता पाण्याच्या २.८ पट आली. दगड काळा आहे ना? बेसॉल्टची घनता याच्याच आसपास असते. दगड न फोडता तो कशाचा आहे याचा अंदाज आला, परीक्षकांना हे नक्की आवडेल.

दूधगंगाकाठ (निपाणी)
दगड काळाच आहे. आत्ताच परात लावून केलं. पातेल्यासकट आकडा १९५ ने वाढला, आमचा काटा पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे चालेल. परातीतलं पाणी ओतून घेतल्यावर पाचने वर राहिला, थोडं पाणी पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटलं होतं. पोरीने सरांना फोन करून दोन्ही काट्यांचे आकडे सांगितले. ते म्हणाले उद्या शाळेत माझ्यासमोर कर.

आता तिचा नवा प्रश्न. दगडाऐवजी लाकडाचा ठोकळा टाकला तर? तो बुडतच नाही, मग २०० चं गणित कसं लागणार?

मलप्रभेचा_पोर
ठोकळा दोरी न लावता तरंगू दे. तरंगणाऱ्या वस्तूवर प्लावक बल तिच्या पूर्ण वजनाएवढं असतं, म्हणून अर्ध्या पातेल्यात टाकला तर खालचा काटा ठोकळ्याच्या सगळ्या वजनाने वाढतो. काठोकाठ पातेल्यात टाकलात आणि पाणी काट्याबाहेर जाऊ दिलंत तर काटा हलणार नाही, कारण ठोकळ्याच्या वजनाएवढंच पाणी सांडतं. ठोकळा हळू सोडायला सांगा. पाणी उसळलं तर जास्त सांडेल आणि आकडा उलट कमी दिसेल. आणि लाकूड कोरडं घ्या, पाणी पिऊन जड झालेलं नको.