बासेंजी, सालुकी आणि भादरलेला कोमोंडोर: अटी कडक, घरं कुठून आणायची?

पाचवा_पिंजरा
नमस्कार मंडळी. शेल्टरमध्ये दत्तक-अर्जांचं काम बघते. तीन दुर्मिळ जातींची कुत्री अडकली आहेत. बासेंजी नर, वय ४. सालुकी (धावून शिकार करणारी सडपातळ जात) मादी, वय ६. आणि एक कोमोंडोर (अंगभर दोरीसारख्या जटा असलेली राखणीची मोठी जात), वय अंदाजे ३, त्याच्या जटांचं नमदं झालं होतं म्हणून आल्याआल्या भादरावं लागलं. आता तो कोमोंडोर आहे हे कोणाला पटत नाही.

अटी समितीच्या आहेत, माझ्या नाहीत: घर मालकीचं, ६ फुटी कुंपण, १० वर्षांखालचं मूल नको, त्याच जातीचा आधीचा अनुभव, आणि गृहभेट सक्तीची. गृहभेटीला माणसं दोनच, त्यामुळे दोन तासांपलीकडचं घर बाद.

हातात सहा आठवडे. लांबच्या प्रवासाचा खर्च झेपणार नाही. नियम बदला असं सांगू नका, समिती वर्षातून एकदाच नियमांना हात लावते. लेखी अपवाद मात्र ती कधीही मंजूर करू शकते. जाहिरात कशी लिहू आणि अर्जात काय विचारू, एवढंच सांगा.

लांबनाक्या
आधी ते नियम बदलून घ्या. बाकी सगळं नंतर.
आणि सालुकीला मार्टिंगेल (ओढला की ठरावीक मापापर्यंत आवळणारा) पट्टा घ्या, दोन इंच रुंद. दुसरं काही घेऊच नका.

चिपवाला
नियम बदलू नका असं धागाकर्तीने वर लिहिलंय, वाचत चला राव.

ताई, कातडीखालची ओळखीची चिप परत एकदा तपासलीत का? आल्या दिवशी "चिप नाही" असा शेरा पडला की पुढे कोणी बघत नाही. चिप खांद्यांच्या मधे टोचतात, पण ती सरकते. रीडर अंगाला जवळजवळ चिकटवून, हळू, नागमोडी फिरवायचा: मानेपासून पाठीवर, मग दोन्ही खांद्यांवरून कोपरापर्यंत, छातीखालून. पट्टा काढून ठेवा, धातूची कडी वाचनात अडथळा आणते. तुमचा रीडर फक्त १३४.२ किलोहर्ट्झचा असेल तर १२५ किलोहर्ट्झच्या जुन्या चिपा त्याला दिसणारच नाहीत. दोन्ही वाचणारा रीडर मागून आणा. १५ अंकी आकडा आला तर पहिले तीन अंक देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ९०० आणि पुढचे म्हणजे कंपनी.

एवढं करायचं कारण असं की दुर्मिळ जातीच्या ब्रीडरांचं जग छोटं असतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या विक्रीकरारात "ठेवता आलं नाही तर कुत्रं मलाच परत द्यायचं" असं कलम असतं. चिपवरून ब्रीडर सापडला तर एक कुत्रं दोन दिवसांत मार्गी लागू शकतं. फोन तुम्ही करू नका, शेल्टरच्या कार्यालयाकडून जाऊ द्या, मालकीचा प्रश्न असतो.

योडलप्रेमी
बासेंजीच्या जाहिरातीत "भुंकत नाही" असं ठळक लिहा. फ्लॅटवाले धावत येतील.

कुंपणावरची_कावळी
येतील आणि पंधरा दिवसांत परत आणून सोडतील. बासेंजी रोजच्या रोज भुंकत नाही, हे खरं. पण योडल करतो (गाण्यासारखा चढउताराचा आवाज), गुरगुरतो, आणि एकटा कोंडला की किंचाळतो. माणूस ओरडतंय असं वाटून शेजारी दार वाजवतात. "भुंकत नाही, पण गप्पही नाही" असं लिहा आणि ३० सेकंदांचा आवाजासकट व्हिडिओ लावा.

६ फुटी कुंपणाचंही तेच. बासेंजी तारेची जाळी शिडीसारखी चढतो. त्याच्यासाठी उंचीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा: गुळगुळीत पत्रा किंवा भिंत, किंवा वरची कड ४५ अंशांत आतल्या बाजूला वळवलेली. खालून उकरू नये म्हणून दोन फूट रुंद जाळी कुंपणाच्या आतल्या बाजूने जमिनीवर आडवी पसरून, कुंपणाला बांधून, वर माती. सालुकीला मात्र ६ फूट खरोखर लागतात. आणि विजेच्या अदृश्य कुंपणावर (जमिनीखाली तार, ती ओलांडली की गळ्यातला पट्टा झटका देतो) विसंबलेलं घर सरळ नाकारा. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावणारं कुत्रं झटका जाणवेपर्यंत पलीकडे असतं, आणि परत येताना मात्र तोच झटका त्याला बाहेर ठेवतो.

योडलप्रेमी
भुंकत नाही म्हणजे नाही.

कुंपणावरची_कावळी
एखादं "वुफ" काढतो. पुरावा हवा तर दार वाजवून बघा.

लांबनाक्या
मार्टिंगेलबद्दल कोणीच बोललं नाही.

हार्नेस_हवाच
बोलतो. नुसता मार्टिंगेल पुरत नाही. सालुकी, कारवान, अझावाख, या सगळ्या धावणाऱ्या जातींची मान डोक्याइतकीच किंवा डोक्यापेक्षा जाड असते, म्हणून साधा पट्टा मागे सरकून निघतो. मार्टिंगेल ते थांबवतो हे कबूल, पण कानांच्या लगेच मागे, उंच बसवला तरच. ताणल्यावर दोन कड्या एकमेकींना भिडल्या तर तो ढिला आहे. मधे दोन बोटांचं अंतर राहायला हवं. आणि पिंजऱ्यात किंवा घरात एकटं असताना तो अंगावर ठेवायचा नाही, फास कशातही अडकतो. नावाचा बिल्ला वेगळ्या, सपाट पट्ट्यावर.

हार्नेस घ्याल तर तीन पट्ट्यांचा. या कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक. दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून ती मागे पाय रोवून झटक्यात बाहेर पडतात. तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेवर बसतो, तिथे छाती अडते. एक दोरी पट्ट्याला, एक हार्नेसला. आपोआप गुंडाळणारी दोरी बाद: हातातून निसटली की तिची मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे लागते आणि कुत्रं तिच्याच भीतीने पळत सुटतं.

डॉक्टरांकडची_फाईल
जाहिरातीआधी तब्येतीचे कागद नीट करा, नाहीतर घेणारा पहिल्याच तपासणीत घाबरतो.

बासेंजी: या जातीत फॅन्कोनी सिंड्रोम असतो, मूत्रपिंड साखर आणि क्षार बाहेर टाकतं. बहुधा ४ ते ८ वर्षांत दिसू लागतो, म्हणजे तुमचा ऐन वयात आहे. सकाळच्या पहिल्या लघवीवर साखरेची पट्टी बुडवा. पट्टी रंगली तर रक्तातली साखर बघा. रक्तात नेहमीइतकी आणि लघवीत साखर, म्हणजे मधुमेह नव्हे. इथेच गफलत होते आणि इन्सुलिन सुरू होतं, ते जिवावर बेतू शकतं. डीएनए चाचणी आहे: निर्दोष, वाहक, बाधित असा निकाल येतो. निकाल येईपर्यंत महिन्यातून एक पट्टी, आणि ते वेळापत्रक नव्या घराला लिहून द्या. बाधित निघाला तरी वेळेवर उपचार सुरू केले तर बरीच वर्षं नीट काढतो.

सालुकी: टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आला म्हणून थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर परत विचारा. शिकारी धावणाऱ्या जातींत एकूण टी-४ मुळातच कमी असतो; टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) आणि मुक्त टी-४ बघून ठरवायचं. उलट लाल पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतं, त्याला शरीरातलं पाणी कमी झालं असं समजू नका. नसबंदी बाकी असेल तर भूल देणाऱ्याला जात आठवणीने सांगा: अंगात चरबी नसते, शस्त्रक्रियेत अंग पटकन गार पडतं.

आणि फोटोखाली लिहा की बरगड्यांची पुसट रेघ आणि कमरेची दोन हाडं दिसणं हे तिचं नेहमीचं रूप आहे. नाहीतर "उपाशी ठेवलंय" म्हणून तक्रारी येतील.

माळरान
दोन दिवसांच्या रस्त्यावर सालुकीवाल्यांचा गट आहे, तिकडे पाठवा. गाडी करा.

पाचवा_पिंजरा
दोन तास लिहिलंय, दोन दिवस नाही :)
चिपवाला, रीडर एकाच फ्रीक्वेन्सीचा निघाला. दुसरा मागवते.

अर्जातली_बारीक_अक्षरं
मुख्य प्रश्नाकडे येऊ. समिती नियम बदलणार नाही, पण अपवाद देते. मग अपवादाचा कागद असा द्या की सही करायला त्यांना भीती वाटू नये. प्रत्येक अटीमागे एक धोका आहे. अट पाळता येत नसेल तर तो धोका दुसऱ्या मार्गाने कसा रोखला ते लिहायचं. नुसतं "माणसं फार चांगली आहेत" लिहिलंत तर फाईल परत येते.

कुंपण नाही: धोका मोकळं सुटण्याचा. बदली: कुत्रं दोरीशिवाय बाहेर जाणार नाही, रोज किती फेऱ्या, कोणत्या वेळी, कोण नेणार, तो माणूस आजारी पडला तर कोण, घराच्या दाराआत दुसरं फाटक, म्हणजे एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आठवड्यातून एकदा पळायला बंदिस्त जागा, तिच्या मालकाच्या परवानगीसह.

भाड्याचं घर: धोका घरमालक काढायला लावण्याचा. बदली: घरमालकाचं संमतीपत्र, त्यात जात, वजन आणि संख्या लिहिलेली. "पाळीव प्राणी चालेल" एवढं असेल तर ते मांजरासाठी दिलं होतं असं म्हणायला तो मोकळा.

मूल: धोका झोपेतून दचकण्याचा. धावणाऱ्या जातींतली काही कुत्री झोपेत हात लागला तर दात लावतात. बदली: झोपायची जागा फाटकाआड, मूल पोहोचणार नाही अशी. शेल्टरमध्ये आधी तपासा: झोपलेली असताना लांब काठीला मोजा बांधून अंगाला लावा आणि काय करते ते लिहून ठेवा.

गृहभेट: दोन तासांपलीकडे व्हिडिओवर मागा. एका दमात, न थांबवता, कुंपणाची पूर्ण फेरी; चारही कोपऱ्यांत मापपट्टी धरून; फाटकाची कडी लावून-काढून; खालच्या फटीत मूठ घालून.

कुंपणावरची_कावळी
व्हिडिओवर गृहभेट म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. घरात इतर जनावरं कुठे ठेवलीत ते कॅमेऱ्यात येत नाही.

अर्जातली_बारीक_अक्षरं
म्हणूनच न थांबवता म्हटलं. बाकी मुद्दा मान्य.

अनुभवाच्या अटीऐवजी अर्जात तीन प्रश्न घाला. १) दोरी हातातून सुटली तर पहिल्या दहा मिनिटांत काय कराल? (मागे धावणार म्हणाला तर गेला. खाली बसणं, उलट्या दिशेला चालणं, सुटल्या जागी न धुतलेला कपडा ठेवणं, हे ऐकायला यायला हवं.) २) दिवसातले सलग किती तास कुत्रं एकटं? आकडा मागा. ३) हे कुत्रं मिळालं नाही तर कोणतं घ्याल? ज्याला स्वभाव हवाय तो जवळपासच्या स्वभावाचं नाव घेतो. ज्याला मिरवायचंय तो दुसऱ्या कुठल्यातरी दुर्मिळ जातीचं नाव घेतो.

लांबनाक्या
तिसरा प्रश्न झकास. आणि जाहिरातीतून "दुर्मिळ" शब्द काढा, पिल्लं काढणारे गोळा होतात.

योडलप्रेमी
+१, "दुर्मिळ" काढा.

डॉक्टरांकडची_फाईल
सहमत. "नसबंदी झालेली आहे, वंशावळीचे कागद मिळणार नाहीत" ही ओळ पहिली टाका.

माळरान
"दुर्मिळ" काढा. आणि मांजराबरोबर चालते का ते लिहा.

हार्नेस_हवाच
शेल्टरमधल्या मांजर-चाचणीवर फार विसंबू नका. बावरलेलं कुत्रं कशाकडेच बघत नाही. तोंडाला जाळीची टोपली, दोरी, मधे अडसर, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी. बसलेल्या मांजरावरून काही कळत नाही, चालत्या मांजराकडे मान कशी वळते ते बघायचं. नजर रोखून थिजली आणि नाव घेतल्यावर, तुकडा नाकाला लावल्यावरही वळली नाही, तर "मांजर नको" लिहा. शंका असेल तरी तेच लिहा.

जटाधारी
कोमोंडोरबद्दल कोणी बोलेना. भादरलाय ते बरंच झालं, जाहिरातीत लपवू नका. केस वाढायला लागले की बुडाशी गुंता होतो, तो आठवड्याला हाताने फाडून जटा वेगळ्या करायच्या; कंगवा नाही. पूर्ण लोंबायला दोनेक वर्षं जातात. अंघोळीनंतर आतून सुकायला एक-दोन दिवस, तेवढा वेळ पंखा नसेल तर कुबट वास आणि बुरशी. कायम बारीक ठेवला तरी कुत्र्याचं काही अडत नाही, फक्त उन्हात कातडी जपावी लागते. अनुभव शोधायचाच तर कोमोंडोरचा नको, राखणीच्या कुठल्याही मोठ्या जातीचा धरा. रात्री भुंकणं आणि पाहुण्याला दारात अडवणं, खरी अडचण ती आहे.

पाचवा_पिंजरा
अपडेट. नव्या रीडरवर कोमोंडोरची चिप उजव्या कोपराजवळ सापडली. कार्यालयाने नोंदणीवाल्यांना कळवलंय.

सालुकीसाठी दोन अर्ज उरले. एक सात फुटी कुंपणाचं मोठं आवार, सगळ्या अटींत बसणारं, पण आत कोंबड्या आणि ससे मोकळे. दुसरा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघं दिवसभर घरात, मूल नाही, सालुकीचा अनुभव शून्य. मी फ्लॅटचा अपवाद लिहून दिला, समितीने सही केली. आधी तीन आठवडे फॉस्टर (तात्पुरता सांभाळ), मग कायमचं.

बासेंजीच्या जाहिरातीत "दुर्मिळ" ठेवतेय. फोन जास्त येतात, आणि तिसऱ्या प्रश्नावर गळायचे ते गळतात. आत्तापर्यंत नऊ गळले, दोन उरलेत. दोघांनाही लघवीच्या पट्टीबद्दल सांगितलं, एकाने वेळ विचारली.

कुंपणावरची_कावळी
सात फुटी कुंपण सोडून चौथा मजला! कोंबड्या हलवता आल्या असत्या की.

माळरान
तेच म्हणतो.

लांबनाक्या
मार्टिंगेल दिलात ना?

पाचवा_पिंजरा
दिला, आणि तीन पट्ट्यांचा हार्नेसही. बाल्कनीच्या कठड्याचे गज दहा सेंटीमीटर अंतरावर आहेत, वर मोकळं. काय लावू?

हार्नेस_हवाच
धातूची जाळी, घर पाच सेंटीमीटरपेक्षा मोठं नको, जमिनीपासून छतापर्यंत. प्लॅस्टिकची नको, चावते. बाजूच्या चौकटीला दर वीत-दीड वीत अंतरावर आवळा, आणि खालच्या कडेला पट्टी मारा, कुत्री नाक तिथेच घालते. लावून झालं की दोन्ही हातांनी आतून बाहेर ढकलून बघा. तोवर बाल्कनीचं दार बंद.

पाचवा_पिंजरा
शनिवारी जाळी, रविवारी कुत्री.