यादीत 'उंबरठा' हवाच
ऐंशीच्या दशकातल्या आवडत्या गाण्यांची यादी चालली आहे, तिच्यात सगळी हिंदीच आली, म्हणून 'उंबरठा' या मराठी सिनेमाची भर घालतो. सिनेमा १९८२चा, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्यातल्या 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या'चे शब्द आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांचे! लताबाईंनी ते इतकं आतून गायलंय की काय सांगू. कापूस वेचायच्या दिवसांत आमच्या वावरात, धुऱ्यावरच्या बाभळीला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. हे गाणं लागलं की माय ओटीतला कापूस सावरत तशीच उभी राहायची. खरखर वाढली की कोणीतरी धावत जाऊन काटा सरकवायचं. त्याच सिनेमातलं रवींद्र साठेंचं 'गंजल्या ओठास माझ्या' मात्र फार कमी जणांच्या तोंडी येतं. तेही भटांचंच. जरूर ऐका.