नट नाही, पण बोल्ट तर आहे ना?

'नट निघाला तरी बोल्ट जागेवरच होता, मग सगळी बोइंग ७३७ मॅक्स विमानं तपासायचा एवढा बाऊ कशाला' हे म्हणणं काही पटलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) जोडणीत बिननटाचा बोल्ट सापडला तो नेहमीच्या देखभालीत, आणि ग्राहकाला अजून न दिलेल्या एका विमानातही नट नीट आवळलेला नव्हता. म्हणजे एकट्या विमानाचं दुखणं नव्हतं. तपासणीही विमानामागे साधारण दोन तासांची, असं बोइंगनेच सांगितलं होतं.

बोल्ट खरंच निसटला तर काय होतं, ते २००० साली दिसलंय. १६ फेब्रुवारीला एमरी वर्ल्डवाइडचं मालवाहू डीसी-८ विमान अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळच्या मॅथर विमानतळावरून उडालं आणि काही मिनिटांत मोटारींच्या भंगारवाड्यात कोसळलं; विमानातले तिघेही गेले. उजव्या एलिव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या) कंट्रोल टॅबला, म्हणजे तिच्या कडेच्या छोट्या पट्टीला, दांडा जोडणारा बोल्ट नीट अडकवलेलाच नव्हता, नंतर कुणी पाहिलाही नाही. अशा जागी खाचांचा नट असतो, बोल्टच्या भोकातून कॉटर पिन ओवून तिची टोकं पकडीने वाकवायची. बैलगाडीचं चाक आसावरून निसटू न देणाऱ्या खिळीचंच काम ते! पिन घालायची राहिली तर नट थरथरीने फिरत फिरत सुटतो, आणि तोवर वैमानिकाला हाताला कदाचित काही जाणवतही नाही.