रॅमोन्सचं नाव घेतलं म्हणून गाणं उसनं होतं काय?

कटवडा डबल
काल इथं एका शहाण्यानं लिहिलं, "ज्या गाण्यात दुसऱ्या बँडचं नाव येतं, ते गाणं म्हणजे दुकानावर पुढाऱ्याचा फोटो. स्वतःकडं माल नसला की मोठ्याची पाटी." त्याला चाळीस लाइकचे बदाम! रात्रभर डोक्यातनं गेलं नाही.

मोटरहेड या इंग्लिश रॉक बँडचं 'रॅमोन्स' ऐकलंय का? रॅमोन्स या अमेरिकन पंक बँडवरचं. १९९१ चं, दीड मिनिटाचंसुद्धा नाही. रॅमोन्सच्या नावातलं एकेक अक्षर मोटरहेडचा गायक लेमी ओरडतो, संपलं. लेमीकडं माल नव्हता म्हणता? आणि पुढं खुद्द रॅमोन्सनीच ते गाणं वाजवलं. ज्याची आरती, तोच ताट घेऊन उभा! वर रॅमोन्स हे नावच उचललेलं. १९६० च्या दौऱ्यात बीटल्सचा पॉल मॅकार्टनी स्वतःला पॉल रॅमोन म्हणवून घ्यायचा, तिथनं आलंय. म्हणजे हाही बँड बोगस धरायचा?

लांब कशाला, संत बहिणाबाईंचा अभंग बघा. ज्ञानदेव पाया, तुका कळस, मधे नामदेव, एकनाथ. चार ओळीत सगळ्यांची नावं. त्यांनाही पाटी लावणारी म्हणा की.

पेठेतला
तो शहाणा मीच. चाळीस नव्हे, सदतीस बदाम.

अभंग मधे आणायचं काम नव्हतं. बहिणाबाईंनी आपल्या गुरूला कळस म्हटलंय. लेमी काय रॅमोन्सकडं गंडा बांधायला गेलावता?

खरी आठवण नाव न घेता काढतात. पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', १९७५. आपल्याच बँडातनं गेलेल्या सिड बॅरेटवर आहे, पण त्याचं नाव सगळ्या गाण्यात एकदाही नाही. कॉलेजात असताना राजारामपुरीत एकाकडनं कॅसेट भरून घेतली होती. त्यानं वर निळ्या पेनानं लिहिलं, 'पिंक फ्लाइट'. आणि साठ मिनिटांची कॅसेट, गाणं मधेच तुटलं! चार वर्षं मला वाटायचं गाणं तसंच आहे, माणूस गेल्यासारखं अर्ध्यात संपणारं. तरी रडू यायचं. तुमच्या दीड मिनिटाच्या बोंबेनं येतं काय?

कटवडा डबल
शीर्षकातल्या शाइन, यू, डायमंडची पहिली अक्षरं इंग्रजीत लावा. एस, वाय, डी. म्हणजे सिडच. बाकी कॅसेटवाल्याचा हिशेब तुमचा तुम्ही मिटवा.

निवृत्त काकू
नाव घेतलं म्हणजे आरतीच, हे कुणी ठरवलं? लिनर्ड स्किनर्ड या बँडनं १९७४ च्या 'स्वीट होम अलाबामा'त गायक नील यंगला नाव घेऊन झापलंय. आणि स्किनर्डचा तोच गायक नील यंगचा टी-शर्ट घालून फिरायचा. आपल्याकडं शिवी दिल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही, तसलंच.

पेठेतला
नील यंग माणूस आहे काकू, बँड नाही.

निवृत्त काकू
बरं. मग 'जानवर' सिनेमा घ्या, १९६५. शम्मी कपूरच्या गाण्याला बीटल्सची चाल, पोरांच्या डोक्यावर बीटल्सछाप केसांचे टोप. नाव कुठं घेतलंय? तुमच्या नियमानं ही सगळ्यात सच्ची आठवण झाली. मी हिला चोरी म्हणते.

हलगी घुमकं
चोरी कसली? आमच्या गल्लीतला बेंजोवाला कुणाचीबी चाल उचलतो, नाव कुणाचंच घेत नाही. ऐकणाऱ्याला कळतंय की. जोवर बेंजो होता तोवर मिरवणुकीत गाणं तरी होतं. आता डॉल्बी. गेल्या विसर्जनाला आमच्या फडताळातला पितळी तांब्या हळूहळू सरकत कडेला आला आणि आजोबांच्या पायावर पडला. ते म्हणाले, गणपतीनं नमस्कार केला.

साउंड सिस्टीम
झालं, आलाच डॉल्बी! आमचं पोट हाय त्याच्यावर. पाऊस आला की बेंजोवाला ताडपत्रीखाली, आम्ही भिजत उभं. आणि रॉक ऐकणाऱ्यांनी आवाजावर बोलू नये. मोटरहेड काय कानात कापूस घालून ऐकताय?

हलगी घुमकं
मोटरहेड दीड मिनिटात संपतंय भावा. तुझं संपत न्हाई.

साउंड सिस्टीम
मंडळ पैसे देतं, मंडळाला सांग. मागच्या साली वर्गणीची पावती फाडायला तूच आलावतास.

हलगी घुमकं
वर्गणी मूर्तीची होती. डॉल्बीच्या भिंतीची नव्हती!!

निवृत्त काकू
अरे, बीटल्सवर या.

साउंड सिस्टीम
बीटल्सबी वाजवतो काकू, मंडळानं सांगितलं तर.

पेठेतला
काकू, चाल ढापून गप्प बसणं ही आठवण नव्हे, मान्य. त्यापेक्षा लेमी परवडला, निदान घेतलेल्याचं नाव तरी ओरडून सांगतो. एस, वाय, डीचं आत्ता वहीत लिहून बघितलं. बसतंय. सदतीसातला एक बदाम माझा स्वतःचाच होता, तो काढून घेतो.

कटवडा डबल
छत्तीस.