समुद्रकाठी राहून बर्फावरच्या चढाईची तयारी कशी करावी?

पुळणवाट (गुहागर):
येत्या मे महिन्यात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करणार आहे. घाटवाटा भरपूर झाल्यात, बर्फावर मात्र पाऊल ठेवलेलं नाही. इथे राहून कसला सराव उपयोगी पडेल? आईस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) विकत घ्यावेत का? चिपळूणला एकांकडे आठ वर्षं न वापरलेले स्नो बूट स्वस्तात मिळताहेत, घेऊ का?

घाटपायथा:
ताई, बूट घेऊ नका. तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत आतून विरतो. वरून चामडं चकचकीत दिसेल, पण टाचेजवळ अंगठ्याने दाबून पाहा, ओल्या बिस्किटासारखा भुगा सुटेल. भेग दिसली नाही तरी भरवसा नाही. असा सोल ऐन चढावर गळून पडतो.

कोर्सला बूट, ॲक्स, क्रॅम्पॉन, हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) सगळं संस्थाच देते. बूट निवडताना जाड मोजे घालून पायरीवर पुढून ठोकर मारा. बोटं टेकली तर मोठा नंबर मागून घ्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, हिमदंशाला निमंत्रण मिळतं ते तिथे.

तयारीसाठी ५ किमी धाव ३० मिनिटांच्या आत आणा. आठवड्यातून एकदा १५ किलो पाठीवर घेऊन चढा. वजन पाण्याच्या बाटल्यांचं ठेवा आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला, म्हणजे उतरताना गुडघे वाचतील. रसाळगड-सुमारगड-महिपतगड ही चाल यासाठी फार चांगली. पुळणीवर कोरड्या वाळूतही चाला, रुतणाऱ्या बर्फात पोटऱ्या अशाच भरून येतात.

जांभाकातळ:
सेल्फ अरेस्टची, म्हणजे घसरताना ॲक्स बर्फात रोवून थांबण्याची, पकड घरीच पक्की करता येते. ६० सेंमीच्या काठीला आडवं लाकूड ठोका आणि वाळूवर आडवे पडून सराव करा. एक हात ॲक्सच्या डोक्यावर, अंगठा पसरट पात्याखाली, पातं मान आणि खांद्यामधल्या खळगीपाशी. दुसरा हात दांड्याच्या टोकाशी, कमरेजवळ. ते टोक मोकळं राहिलं तर मांडीत घुसतं. पाठीवर पडलात तर ॲक्सचं डोकं ज्या हातात, त्याच बाजूने पालथं व्हायचं. उलट वळलात तर दांड्याचं टोक आधी रुततं आणि ॲक्स हातातून हिसकली जाते. मग छातीचा भार दांड्यावर टाकायचा. पायात क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचला, नाहीतर दात अडकून कोलांटी बसते.

डोकं खाली करून घसरण्याचा प्रकार मात्र बर्फावर, प्रशिक्षकासमोरच शिकायचा.

आणि खरं सांगायचं तर घसरल्यावर थांबण्यापेक्षा न घसरण्यावर जास्त मेहनत घ्या. कडक बर्फावर एक-दोन सेकंदांत वेग हाताबाहेर जातो. ॲक्स कायम चढाकडच्या हातात हवी. वळणावर हात बदलायचा तो दोन्ही पाय स्थिर झाल्यावरच. बुटाचं टोक दोन-तीनदा मारून आतल्या बाजूला कललेली पायरी करा. उतरताना टाच रोवायची, गुडघा ताठ ठेवायचा नाही.

ऊन चढलं की ओल्या बर्फाचे गोळे क्रॅम्पॉनखाली चिकटतात, दात टेकतच नाहीत. दर थोड्या पावलांनी बुटाच्या कडेवर दांड्याने ठोकून पाडा.

पुळणवाट:
बूट रद्द! विरळ हवेचं काय? आम्ही शून्य मीटरवरची माणसं.

घाटपायथा:
त्याची सवय इथे होत नाही, आणि धावण्याचा दम तिथे ढाल होत नाही. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर लपवू नका, लगेच प्रशिक्षकांना सांगा. वर जाणं तिथेच थांबतं. त्रास वाढला तर खाली उतरायचं.

जांभाकातळ:
कपड्यांबद्दल एक राहिलं. सुती काहीही नको, घामाने भिजलं की वाळत नाही. आणि पँटचा सैल घोळ गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) नीट कोंबा, क्रॅम्पॉनच्या पट्ट्याचं लोंबतं टोकही खोचून टाका. बर्फ सरळ-साधा असतानाही माणूस तोंडावर पडतो तो बहुतेक वेळा त्यातच दात अडकून.